बाकावरची मधली जागा

शंकर नगरच्या वृद्धाश्रमात शेवंताबाई "तो आला, तो आला" असं सारख्या ओरडायच्या, म्हणून त्यांना वर्षभर गुंगीची गोळी दिली जात होती. नर्स क्षमाने हट्ट धरून डॉक्टरांकडून ती हळूहळू बंद करवली. दोन महिन्यांत आजी स्वतःच्या हाताने जेवू लागल्या, चक्क हसू लागल्या. क्षमाला हायसं वाटलं.

आज दुपारी मात्र जेवता जेवता आजी बाकावर बाजूला सरकल्या.

"काहून सरकून राहिल्या, आजी?"

"त्याले बसाले जागा नको का, पोट्टी?"

क्षमाने बाकाकडे पाहिलं. दुसऱ्या बाजूला बाबाराव बसले होते. त्यांचीही गोळी नुकतीच बंद झाली होती.

तेही मुकाट्याने सरकले.

मधल्या रिकाम्या जागेवरची गादी हळूहळू खाली दबली.