बिजलीचे डोळे

सोपानरावांनी बिजलीच्या डोळ्याभोवतीची शेवटची सुई काढली आणि स्पिरिटच्या कापसानं जागा पुसली. घोडी हलली नाही. तिचा टांगेवाला धोंडीबाच दर सुईला स्वतःला टोचल्यासारखा दचकत होता. आता तो अंगणाला लागून असलेल्या कंपनीच्या भिंतीला टेकून बसला. सकाळपासून चिंचवड स्टेशनवर भाड्याची वाट पाहून माणूस दमतो. समोरून भरलेल्या रिक्षा जाताना पाहून त्याहून जास्त दमतो.

सोपानराव देहूरोडला लष्करात घोड्यांचे डॉक्टर होते. रिटायर झाल्यावर कुठल्याशा शिबिरात या चिनी सुया शिकून आले, आधी स्वतःच्या गुडघ्यावर हात साफ केला आणि मग बिजलीकडे वळले. घोडीच्या दुखऱ्या डोळ्यांतली पाण्याची धार थांबली होती. ठणका गेला होता, पापण्या मिटून राहत नव्हत्या. तिला दिसतं का, एवढंच कळायचं राहिलं होतं. उद्या टांग्यांची तपासणी. आंधळ्या घोड्याच्या टांग्याला परवाना मिळत नाही, आणि टांग्याशिवाय धोंडीबाला दुसरं काही येत नव्हतं आणि बिजलीशिवाय त्याच्याकडे दुसरं काही नव्हतंही.

त्याच्या बायकोनं, तानुबाईनं, अंगणात रिकामी बादली उपडी ठेवली. धोंडीबानं घोडीची झापडं काढून पुठ्ठ्यावर थाप मारली. बिजली चालत गेली आणि बादलीच्या हातभर अलीकडे थांबली.

"दिसलं!" धोंडीबा ओरडला. कित्येक दिवसांत त्याचा आवाज असा फुटला नव्हता. "सायेब, दिसलं तिला!"

सोपानराव हसले नाहीत. "धोंडीबा, तू जीभ वाजवलीस."

"म्या? न्हाई वो सायेब. आईची आण!"

"वाजवली की," तानुबाई म्हणाली. "झोपंत बी वाजवता. म्या काय आज ऐकतीय व्हय?"

चाबूक धोंडीबानं कधी उगारलाच नव्हता. घोडी थांबवायची तर जीभ टाळ्याला लावून टकटक करायचं, ही त्याची जन्माची खोड. वाटेत काही आडवं आलं की जीभ आपली आपण वाजे, त्याला पत्ताही लागत नसे.

"उपरणं तोंडात धर," सोपानराव म्हणाले. "पुन्हा बघू."

धोंडीबानं मुकाट्यानं उपरण्याचं टोक तोंडात कोंबलं आणि कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. तानुबाईनं घोडीला फिरवून आणलं, बादली दुसरीकडे मांडली आणि थाप मारली.

बिजली निघाली. नेहमीच्याच चालीनं, मान जराशी खाली, डोळे टक्क उघडे. बादली जवळ आली तरी पाऊल मंदावलं नाही. धोंडीबाला कळायचं ते कळलं. आता फक्त गप्प राहायचं होतं, आणि तेवढंही त्याच्यानं होईना. त्यानं उपरणं थुंकलं आणि जीभ वाजवली.

नेमका त्याच वेळी पलीकडे शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाला.

घोडीचा पाय बादलीवर आदळला. बादली गडगडत गेली, तिचा आवाजही कुणाला आला नाही. बिजली ठेचकाळली, सावरली आणि तशीच पुढं चालत राहिली. तानुबाईनं तोंडाला पदर लावला. सोपानराव हात वर करून धावले, पण पोचले नाहीत.

भोंगा थांबला तेव्हा घोडी कंपनीच्या भिंतीला नाक लावून उभी होती, आणि धोंडीबाची जीभ अजून वाजतच होती.