चिखलाची तिसरी

"आकडे सांग रत्नपाल, मला अजून किहीमला जायचंय," कुरिअरवाला प्रज्योत म्हणाला आणि त्याने खोकं रत्नपालच्या मिनिडोर रिक्षाच्या पुढच्या सीटवर ठेवलं.

रत्नपालच्या मोबाइलवर चार आकडे आले होते. ते सांगितले की पार्सल पोचल्याची नोंद होणार आणि त्याची तक्रार कायमची बंद होणार. सांगितल्याशिवाय खोकं उघडता येत नाही, असा कंपनीचा नियम होता.

महिन्यापूर्वी त्याने हे आकडे लगेच सांगितले होते. मागवला होता गाडीत बसवायचा म्युझिक प्लेअर, खोक्यातून निघाला फरशीचा तुकडा. कंपनीचं म्हणणं एकच. पाठवताना वजन आठशे चाळीस ग्रॅम, पोचवताना आठशे चाळीस ग्रॅम, म्हणजे प्लेअर तुम्हाला मिळालेला आहे. फरशीच्या मागे पेन्सिलने ८४० लिहिलेलं होतं, त्याचा फोटो त्याने पाठवला. असं कुणीही लिहील, असं उत्तर आलं. अकरा फोन झाल्यावर ते बदली पार्सल द्यायला तयार झाले, एकदाच. तोवर रेवसच्या स्टँडवर रत्नपालचं नाव फरशीवाला पडलं होतं. नाव ठेवणारा रावजी, त्याची मिनिडोर मागच्याच नंबरला उभी असे. प्लेअर विकून आला आणि फरशी दाखवत फिरतोय, हेही त्यानेच पसरवलं होतं.

स्टँडच्या कडेला रत्नपालची आई, नीराबाई, तिसऱ्यांची, खाडीतल्या शिंपल्यांची, पाटी घेऊन बसली होती. दोन दोन तिसऱ्या एकमेकींवर आपटून ती गिऱ्हाइकाचा वाटा निवडत होती. जिवंत तिसरी खणकन वाजते. चिखल भरून मिटलेली बद्द वाजते, ती नीराबाई मागे फेकायची. तशी एक जरी टोपात उघडली तरी सगळं कालवण कचकचतं.

"दे बघू इकडं," ती म्हणाली.

तिने पदराला हात पुसले. खोकं उचललं, एकीकडे कलवलं, दुसरीकडे कलवलं. मधोमध आणि चारही कोपऱ्यांवर बोटाच्या पेराने ठोकलं, मग कानाशी धरलं. रावजीने आपल्या गाडीतून विचारलं, "वहिनी, कालवण करताय काय त्याचं?" दोघंतिघं हसले.

"आकडे देऊ नको," नीराबाई म्हणाली. "चिखलाची हाय."

प्रज्योतने तिला समजावलं की आज सकाळीच ऑफिसात काट्यावर ठेवलं होतं, वजन बरोबर आहे.

"वजन बरोबरच असतं रे बाबा. म्हणून तर ती पाटीत शिरते."

रत्नपाल मोबाइलकडे बघत राहिला. आकडे आणखी सहा मिनिटं चालणार होते. आत खरंच प्लेअर असला आणि आपण पार्सल परत धाडलं, तर पुन्हा येणार नाही. मग रावजी म्हणतो तेच खरं ठरणार. त्याने आईला विचारलं, नक्की ना? ती पुन्हा तिसऱ्या निवडायला लागली होती. त्याने मोबाइल खिशात टाकला.

प्रज्योतने ऑफिसात तक्रारी बघणाऱ्या हेतल मॅडमना व्हिडिओ कॉल लावला. त्या म्हणाल्या, उघडायचं नाही, नियम आहे. पहिल्या वेळी प्रज्योतचीही चौकशी झाली होती. त्याने फोन गाडीच्या काचेला टेकवून उभा केला, नीराबाईची सुरी मागून घेतली आणि म्हणाला, "मॅडम, मी उघडतोय, तुम्ही बघा. चूक निघाली तर उद्यापासून येत नाही."

चिकटपट्टी कापली गेली. वर थर्माकोल, खाली वर्तमानपत्र. वर्तमानपत्रात फरशी.

प्रज्योतने ती उलटी केली. मागे पेन्सिलने ८४० लिहिलं होतं.

रत्नपालने सीटखालून महिन्यापूर्वीची फरशी काढली आणि शेजारी धरली. तीच निळी वेल, तसाच कापलेला काठ. ८ खालून सुरू केलेला, ४ चं शेपूट लांब. लिहिणारा हात एकच होता.

हेतल मॅडमनी फोन जवळ न्यायला सांगितला. दोन्ही तुकडे नीट बघितल्यावर त्या म्हणाल्या, "रत्नपाल सर, चूक आमच्याकडची आहे. तुम्ही खरं बोलत होतात."

स्पीकर चालू होता. स्टँडवर रत्नपालला सर म्हटलेलं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. नवा प्लेअर दुसऱ्या विक्रेत्याकडून येईल, आधी उघडायचा आणि मग आकडे द्यायचे, असं त्यांनी कबूल केलं. शेवटी त्यांनी विचारलं, ओळखलं कसं? प्रज्योतने फोन नीराबाईकडे फिरवला.

"वाजवून," ती म्हणाली, आणि गिऱ्हाइकाच्या पिशवीत वाटा ओतला.

भाऊच्या धक्क्यावरून आलेली लाँच लागली. माणसं स्टँडकडे यायला लागली. प्रज्योतने घाईघाईने पिशवीतून एक छोटं पाकीट काढलं. ते रावजीचं होतं, भजनं ऐकायला मागवलेला खिशातला प्लेअर. आकडे सांगायला रावजीने मोबाइल डोळ्यांजवळ धरला आणि तसाच थांबला.

मग तो गाडीतून उतरला. रत्नपालच्या समोरून चालत पाटीपाशी आला, उकिडवा बसला आणि पाकीट दोन्ही हातांनी पुढे केलं.

"वहिनी, जरा बघता?"

नीराबाईने सावकाश हात पुसले. पाकीट कलवलं, पेराने ठोकलं, कानाशी धरलं. गाडीत चढायला आलेली माणसंही थांबून बघत होती.

"जिवंत हाय," ती म्हणाली. "फरशीवाल्याच्या आईवर भरवसा असंल तर दे आकडे."

रावजीने एकेक आकडा सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असा सांगितला.