मागच्या खिडकीतली पिशवी

"नोकरी सोडून बेकरी काढलीस, तर तुझ्या दुकानाची पायरी चढणार नाही," असं म्हातारा रागाच्या भरात मुलाला बोलून बसला होता. पण त्या बेकरीतला न खपलेला माल संध्याकाळी ॲपवर स्वस्तात मिळायचा, आणि त्याची पिशवी मागच्या गल्लीतल्या खिडकीतून द्यायचे. तिथे पायरीच नव्हती. म्हातारा रोज बायकोच्या नावाने पिशवी नोंदवायचा, खिडकीतल्या बाईकडून घ्यायचा आणि मान खाली घालून सटकायचा.

आज खिडकी उघडली, तर समोर मुलगाच.

"नंबर?" मुलाने विचारलं.

म्हाताऱ्याने मोबाइल पुढे केला. "अन्न वाया जाऊ नये म्हणून घेतो. दुसरं काही नाही."

"बरोबर आहे. आम्हालाही टाकून देणं जिवावर येतं," मुलगा म्हणाला. वर न बघता त्याने पिशवी सरकवली आणि खिडकी लावून घेतली.

कोपऱ्यापर्यंत म्हातारा ताठ चालत गेला. सुटलो एकदाचा, म्हणत त्याने पिशवी छातीशी धरली आणि दचकला. सकाळपासून पडून राहिलेला म्हणून स्वस्तात दिलेला पिशवीतला पाव चटका बसेल इतका गरम होता.