पोवळ्यांचा रंग

"लाल हिंगूळ महागला का रे, गुच्चो?" चित्राकडे बघून म्हातारी मोन्ना फिया म्हणाली.

गुच्चोने कुंचला खाली ठेवला नाही. सिएना शहरात चित्रं काढता काढता त्याचे केस पिकले होते. तयार चित्राला नावं ठेवल्याशिवाय गिऱ्हाईक दार ओलांडत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

लाकडी फळीवर रंगवलेली मारिया होती आणि तिच्या मांडीवर बाळ येशू. मारियाच्या झग्याला लाजवर्दाची निळी पूड, प्रभावळीला सोन्याचा वर्ख. येशूचा चेहरा मात्र फियाच्या नातवाचा, मेओचा. गळ्यातली पोवळ्यांची माळही मेओचीच. बाळ येशूच्या गळ्यात पोवळी हवीतच. पुढे सांडायचं त्याचं रक्त म्हणजे ती. आणि घरोघरच्या बाळांची दृष्ट काढतात, दुखणं अडवतात तीही तीच.

"माझ्या सगळ्या पोरांनी ही माळ घातली," फिया म्हणाली. "डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल. आणि तू काढलीस ती बघ. विटलेलं फडकं बरं."

"समोर दिसतं तेच काढतो, मोन्ना."

"मग डोळे दाखव कुणाला तरी."

सून नेस्सा हसली. मेओ तिच्या खांद्यावर मान टाकून पडला होता. "राहू द्या ना, सासूबाई. चेहरा किती गोड उतरलाय."

"त्यात माझं काही नाही," गुच्चो म्हणाला. त्याला बरं वाटलं होतं. "पहिल्या बैठकीला यानं माझी दाढी उपटली, रंगात घालायचा बलक लवंडला. आता बसवलं तिथं बसून राहतो. शहाणा झाला."

"शहाणा कसला, झोपाळू झालाय. दूधसुद्धा अर्ध्यावर सोडतो," नेस्सा म्हणाली.

फियाचं तिकडे लक्ष नव्हतं. तिला जिंकायचं होतं. "आण त्याला इकडे उजेडात. लाव ती माळ फळीला. होऊन जाऊ दे निवाडा."

नेस्सा बाळाला घेऊन खिडकीपाशी आली. फियाने मेओच्या गळ्यातली माळ बोटावर उचलली आणि चित्रातल्या माळेशेजारी धरली.

रंग हुबेहूब जुळला.

गुच्चोला आनंद झाला. हात अजून खोटा पडत नाही, एवढंच क्षणभर त्याच्या मनात आलं. मग त्याने फियाचं तोंड पाहिलं.

सिएनात हे कुणाला सांगावं लागत नाही. घालणाऱ्याचं रक्त आटायला लागलं, की आधी पोवळं फिकटतं. घरातल्या बायकांनी ती माळ रोज पाहिली होती, म्हणून त्यांना ती दिसली नव्हती. गुच्चोला दिसली होती. प्रत्येक बैठकीला त्याने लालात थोडा पांढरा मिसळला होता, आणि मिसळताना फक्त छटा जमते की नाही ते पाहिलं होतं.

"मेओ," नेस्साने हाक मारली. "ए मेओ, इकडे बघ."

बाळाने डोळे उघडले आणि पुन्हा मिटले.

तिने त्याला शालीत गुंडाळलं. वैद्य एवढा एकच शब्द तिच्या तोंडून निघाला आणि जिन्यावर तिच्या धावत्या पावलांचा आवाज झाला.

फिया जागची हलली नाही. खाली दार आपटलं तेव्हा तिने गुच्चोचं मनगट धरलं. तिची बोटं गार होती.

"लाल कर."

"मोन्ना, चित्रात करून काय..."

"लाल कर, बाबा. तुझी चूक झाली म्हण."

गुच्चोने एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. इतकं खरं काम त्याच्या हातून फार वेळा झालं नव्हतं.

"माझीच चूक झाली," तो म्हणाला.

त्याने हिंगूळ घोटला. पहिला मणी लाल झाला, मग दुसरा. तिसऱ्याला त्याने कुंचला जास्तच भरला. रंग मण्याबाहेर गेला आणि बाळाच्या छातीवरून खाली ओघळला.

"अजून," फिया म्हणाली.