चिमणीचं औषध

दुपारच्या शांततेत माठावरचं झाकण खडखडलं. माझी सहा वर्षांची लेक ओल्या वाळूतली इन्सुलिनची बाटली काढून बघत होती. आमच्याकडे फ्रिज नाही, औषध माठातच थंड ठेवतो. आज बाटली रिकामी होती आणि दवाखान्यातला साठाही संपलेला. "ताई, पुढच्या महिन्यात बघा," एवढंच कंपाउंडर म्हणाला होता.

तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. त्यांची लेक चिमणी याच आजारात गेल्या महिन्यात गेली. ओल्या फडक्यातून त्यांनी भरलेली बाटली काढली.

"मी टोचू? माझा हात बसलाय."

मी मानेनेच हो म्हटलं. सिरिंजवरची दहाची खूण मला दाखवून त्यांनी सुई टोचली. एरवी घर डोक्यावर घेणारी माझी पोर हूं की चूं न करता बसून राहिली.

"शहाणी गं माझी चिमणी ती! आता लगेच जेवायचं हं. त्या दिवसासारखा न जेवण्याचा हट्ट नको."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली.

काकू बाटली परत गुंडाळू लागल्या. "ठेवून जाता का, काकू?" मी चाचरत विचारलं.

"छे गं! तिचं औषध माझ्याकडेच बरं. उद्या येते की मी." जाताना त्यांनी लेकीची बट मायेने कानामागे सारली.

दार लागलं. लेकीने घास उचलला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"आई, उद्यापण मी चिमणीच व्हायचं का?"