डोलीचं पुढचं टोक

"जनावराला डोली? डोकं फिरलंय का तुझं, म्हातारे?" टोळीचा म्होरक्या खेकसला. नदी आटल्यामुळे टोळी मुक्काम हलवत होती, आणि शेकोटीपाशी वाढलेल्या लांडगीची मांडी रानडुकराने फाडली होती. तिला उठताच येत नव्हतं.

म्हातारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन बांबूंना बांधलेली कातड्याची डोली तिने त्याच्या पायाशी आपटली. टोळीची रीतच होती, ज्याला एकदा डोलीतून वाहिलं, त्याने पुढच्या जखमीला वाहायचं. गेल्या हिवाळ्यात डोलीत हाच होता.

"रीत माणसांसाठी आहे," तो म्हणाला.

"हो का? पाय मोडून तू दरीत दिवसभर बोंबलत होतास, तेव्हा आम्ही माणसं वर मांस भाजत बसलो होतो. तुझी हाक हिने ऐकली. माझ्या कमरेला गुंडाळलेलं कातडं दातांत धरून मला तुझ्यापर्यंत ओढत नेलं हिने!"

तिने लांडगीला डोलीत सरकवलं आणि मागचं टोक उचललं.

"आणि पुढच्या वेळी ही कुणाला वाहणार?" तो पुटपुटला.

"हिचं आधीच झालंय," म्हातारी कडाडली. "राहिलंय ते तुझं. धर पुढचं टोक!"