बुधवारच्या नोंदी

"ते खोकं उघडायची गरज नाही," चिंतामण गुरुजी म्हणाले. बोलून झाल्यावर आपला आवाज उगाच चढला, हे त्यांचं त्यांनाच जाणवलं.

दीपमालाबाईंनी यादीतून मान वर केली. चार दिवसांनी गुरुजी निवृत्त व्हायचे होते आणि शाळेच्या साहित्याचा चार्ज त्या घेत होत्या. नकाशे मोजून झाले, तराजू झाला, लेझिमी झाल्या. एकच वस्तू उरली होती. टेपरेकॉर्डर, सेलवर चालणारा, नग एक. सोबत इंग्रजीच्या कॅसेट सहा.

नव्वद साली गुरुजींनी तो सांगलीहून एस.टी.त मांडीवर घेऊन कडेगावकडच्या या गावात आणला होता. कुठंही उचलून न्या, झाडाखाली बसा, बांधावर बसा, पोरं असतील तिथं शिकवा, असं वाटप करणाऱ्या साहेबांनी बजावलं होतं. गुरुजींनी मान डोलावली आणि मनात म्हटलं, माकडाच्या हाती कोलीत. मोडला तर जाब कोण देणार? पहिल्याच दिवशी त्यांनी खोकं सुतळीनं बांधून कपाटात टाकलं. तपासणीला येणारे साहेब मात्र वापराची वही मागत. म्हणून दर बुधवारी गुरुजी वळणदार अक्षरात एक ओळ लिहीत: 'इयत्ता सहावी. टेपवर इंग्रजीचा पाठ ऐकवला.' अशी नऊ वर्षं गेली. साहेबांनी वही दर वेळी पाहिली, खोकं कुणीच पाहिलं नाही.

आता ते उघडलं की आतला कोराकरकरीत टेप सगळं ओरडून सांगणार. आणि चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं, कारण ही दीपमाला नव्वद साली त्यांच्याच सहावीत होती. एकाही बुधवारी टेप वाजला नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत गुरुजींनी पोरांना सगळ्यात जास्त छड्या खोटं बोलण्याबद्दल मारल्या होत्या.

कोपऱ्यात आक्काताई कपाट पुसत होती. शाळा झाडायची, पाणी भरायचं, सकाळी कुलूप उघडायचं आणि सगळे गेल्यावर लावायचं, हे तिचं काम. किल्ल्यांचा जुडगा तिच्याच कमरेला असे. त्या सकाळीच गुरुजींनी तिच्या मानधनाच्या पावतीवर शाईच्या पॅडनं तिचा अंगठा उठवून घेतला होता. पॅड अजून टेबलावरच होतं. खिडकीत तिचे सहा सेल नेहमीसारखे उन्हाला ठेवले होते. अंधारात धरायच्या एका बॅटरीला सहा सेल कशाला लागतात, हा प्रश्न गुरुजींना नऊ वर्षांत पडला नव्हता.

दीपमालाबाईंनी सुतळी सोडली. गुरुजींनी नजर जमिनीवर ठेवली.

खोकं उघडल्याचा आवाज आला, तेव्हा त्यांनी हळूच वर पाहिलं. टेप कोरा नव्हताच. बटणावरचा बाण पार पुसून गेला होता. सेलच्या कप्प्याचं झाकण गायब होतं आणि तिथं रबर गुंडाळलेलं होतं. एका कॅसेटची तुटलेली फीत कुणीतरी नेलपॉलिशनं चिकटवली होती.

"हे रबर मीच बांधलं होतं," दीपमालाबाई हसत म्हणाल्या, आणि मग त्यांना बोलल्याशिवाय राहवेना. पाचच्या एस.टी.नं गुरुजी गेले की आक्का चिंचेखाली टेप लावायची. गुरुजींनी लावायला सांगितलंय, म्हणायची. वस्तीवरची सात-आठ पोरं जमायची, आक्कापण त्यांच्यातच फतकल मारून बसायची. टेप बोलायचा, मग पोरं मोठ्यानं म्हणत पाटीवर उतरवायची. सेल उतरले की उन्हाला ठेवायचे, म्हणजे आणखी एक धडा निघायचा. "मी आज शिक्षिका आहे ती त्या टेपमुळं, गुरुजी. आणि तुम्ही नोंदी फक्त बुधवारच्या केल्यात. आम्ही रोज ऐकायचो."

गुरुजींनी आक्काताईकडे पाहिलं. ती मघाशीच पुसलेला कप्पा पुन्हा पुसत होती.

आयता हार गळ्यात पडत होता, नुसती मान वाकवायची होती. खोट्या नोंदी खऱ्या झाल्या होत्या. सुटलो, असं वाटायला हवं होतं. पण पकडलं जाण्याच्या भीतीनं वाटली नव्हती एवढी लाज त्यांना आता वाटली.

"बाई, हा टेप मी एकदाही लावला नाही," ते म्हणाले. "लाव म्हणून कुणाला सांगितलंही नाही. वहीतली प्रत्येक ओळ खोटी आहे."

दीपमालाबाईंचं हसू मावळलं. त्यांनी आक्काताईकडे वळून पाहिलं. तशी ती फडकं पिळत म्हणाली, की नुसता पडून कुजला असता, आणि गुरुजींचं नाव घेतलं नसतं तर पोरं भ्याली असती.

गुरुजींनी वही ओढली. शेवटच्या बुधवारच्या खाली त्यांनी लिहिलं: 'वरील सर्व पाठ मी ऐकवले नाहीत. सन १९९० पासून आजतागायत हे यंत्र आक्काताई यांनी रोज चालवून मुलांना शिकवले.' खाली स्वतःची सही केली. अक्षर पहिल्यांदाच वाकडंतिकडं आलं होतं.

"आक्काताई, इकडं ये. इथं तुझी खूण लागेल," ते म्हणाले आणि सवयीनं शाईचं पॅड उघडून तिच्यासमोर सरकवलं.

आक्काताईनं हात पदराला पुसले. पॅडचं झाकण लावून ते बाजूला ठेवलं. गुरुजींच्या बोटांतून पेन काढून घेतलं, वाकली आणि सावकाश, ओळ न सोडता, पुरतं नाव लिहिलं. आधी मराठीत, मग त्याखाली इंग्रजीत.

गुरुजी त्या अक्षरांकडे बघतच राहिले. "लिहिता येतं तुम्हाला?" त्यांनी विचारलं. "मग इतकी वर्षं दर महिन्याला अंगठा?"

"तुमी दर म्हैन्याला पॅडच फुडं करत हुता, गुरुजी," आक्काताई म्हणाली. "पेन कवा दिलंच न्हाई."